कुठे राहायचं, हे कोण ठरवणार?

(आमच्या मेळाव्यातल्या 'घर आणि बाई' या सत्रात एका मैत्रिणीनं केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही.)

मैत्रिणींनो,

आपल्याकडे नवी बाई भेटली की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठल्या?" या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. माहेर अमुक, सासर तमुक. या दोन्हींतलं एकही गाव आपण निवडलेलं नसतं. पहिलं वडलांच्या नोकरीनं नाहीतर आजोबांच्या जमिनीनं ठरवलं, दुसरं लग्नानं ठरवलं. पुढे नवऱ्याची बदली झाली की तिसरं, मुलानं फ्लॅट घेतला की चौथं. आपण सामान बांधत जातो.

हा केवळ माझा अनुभव नाही. २०११ च्या जनगणनेत आपलं मूळ गाव किंवा आधीचं राहतं गाव सोडून आलेली माणसं ४५ कोटींहून जास्त निघाली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश बायका होत्या. आणि या बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण कोणतं? लग्न. म्हणजे या देशात सगळ्यांत जास्त गाव बदलतात त्या बायका, आणि कुठलं गाव हे ठरवण्यात सगळ्यांत कमी वाटा त्यांचाच. स्थलांतरित मजूर म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. हळदीच्या अंगानं गाव सोडणारी मुलगी आपल्याला स्थलांतरित वाटतच नाही. ती 'नांदायला गेली' एवढंच.

मी आज बोलणार आहे ते त्या गावाबद्दल, जे आपण आपल्या मनानं निवडतो. त्यासाठी माझंच उदाहरण घेते.

मी डोंबिवलीत एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत क्लार्क होते. २०१९ साली माझे पती वारले. २०२३ साली मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मिरजेला राहायला गेले. मिरजेत माझं माहेर नाही, सासर नाही, मुलगी तिथे दिलेली नाही, नातेवाईक नाहीत. मी गेले ती गाणं शिकायला. आणि दुसरं कारण म्हणजे, माझ्या पैशांत मला तिथे राहणं परवडतं. एवढी दोनच कारणं. पण ही दोन कारणं सांगितल्यावर आमच्या घरात, सोसायटीत, नातेवाइकांत जो गोंधळ झाला, त्यावरून मला कळलं की ही गोष्ट साधी नाही.

एका नात्यातल्या बाईंनी मला विचारलं, "मुलानं बाहेर काढलं का?" दुसऱ्या म्हणाल्या, "या वयात गाणं? त्यापेक्षा आळंदीला जाऊन राहा, निदान चांगलं तरी दिसेल." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या समाजात बाईनं एकटीनं घर सोडण्याला एक मान्य वाट आहे, ती म्हणजे देव. पंढरपूरला, आळंदीला, काशीला, वृंदावनला बायका जाऊन राहिल्या, राहतात. त्यांतल्या किती जणींना खरोखर भक्तीनं नेलं आणि किती जणींना घरच्यांनी सोडून दिलं, हा वेगळा विषय आहे. पण देवासाठी बाई घर सोडू शकते. नवऱ्यासाठी, मुलासाठी, नातवासाठी तर तिनं सोडलंच पाहिजे. फक्त स्वतःच्या आनंदासाठी सोडलं की लोक विचारतात, घरात काय बिनसलं?

आता 'छंद' हा शब्द घेऊ. पुरुषाचा छंद आणि बाईचा छंद यांत फरक काय? जरा आठवून बघा. आपल्याला कुठले छंद शिकवले? भरतकाम, विणकाम, रांगोळी, क्रोशा, पाककृती लिहून ठेवणं. हे सगळे छंद चांगलेच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांच्यात एक साम्य आहे. ते सगळे ट्रंकेत मावतात. उद्या कुठल्याही गावाला पाठवलं तरी सुई-दोरा बरोबर नेता येतो. मुलगी कुठे पडेल ते माहीत नाही, तेव्हा तिची आवडही कुठेही नेता येईल अशीच असावी, असा तो हिशेब. जी आवड जागेला बांधलेली असते, तिला एक नदी लागते, डोंगर लागतो, गुरू लागतो, रंगमंच लागतो, मोठं वाचनालय लागतं. अशी आवड बाईला परवडत नाही. म्हणून किती जणींचं पोहणं लग्नानंतर सुटलं, किती जणींचं नाटक सुटलं, कितींचं गाणं सुटलं! आणि त्याबद्दल आपण म्हणतो काय, तर "संसारात राहून गेलं." ते राहून गेलेलं नसतं. ज्या गावात ते शक्य होतं तिथून आपल्याला हलवलेलं असतं.

बाईनं कुठे राहायचं हा प्रश्न आपल्याकडे थेट कोर्टापर्यंत गेलेला आहे. रखमाबाईंचा खटला तुम्हाला माहीत आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत म्हणून १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला गेला. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढे तो फिरला आणि १८८७ साली कोर्टानं सांगितलं की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. १८८८ साली तडजोड झाली, मग त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत व राजकोटला त्यांनी काम केलं. ही गोष्ट आपण बालविवाहाच्या संदर्भात सांगतो. ती राहण्याच्या जागेचीही गोष्ट आहे. एका बाईनं सांगितलं की मी कुठे राहायचं ते मी ठरवीन.

तुम्हाला वाटेल, हे झालं इंग्रजांच्या काळातलं. पण हिंदू विवाह कायद्यातलं कलम ९ अजून आहे, 'वैवाहिक हक्कांचं पुनःस्थापन' अशा भारदस्त नावाचं. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं होतं, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध ठरवलं. कायद्याच्या भाषेत ते नवरा-बायको दोघांनाही लागू आहे. पण आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायकांना विचारा, पोटगी मागितली की दुसऱ्या महिन्यात 'नांदायला ये' अशी नोटीस येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नांदायला जाण्याचा हुकूम बाईनं पाळला नाही, एवढ्याच कारणानं तिची पोटगी आपोआप बंद होत नाही. हे सगळ्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक निकाल सांगते, कारण तो फारसा बोलला जात नाही. १९७८ चा, दिल्ली उच्च न्यायालयाचा, स्वराज गर्ग यांचा. त्या पंजाबात सुनाम इथे शाळेत नोकरीला होत्या, नवरा दिल्लीत. नवऱ्याचं म्हणणं, बायकोनं नोकरी सोडून माझ्याकडे यावं. कोर्टानं सांगितलं की संसाराची जागा कुठली हे ठरवण्याचा हक्क एकट्या नवऱ्याचा नाही. दोघांनी मिळून, दोघांची परिस्थिती बघून ते ठरवायचं. आणि सगळ्यांच्या वर आपली राज्यघटना आहेच. तिच्या १९ व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिलेला आहे. त्यात 'नातेवाइकांच्या परवानगीनं' असं कुठे लिहिलेलं नाही.

आता पैशांकडे येते. हक्क कागदावर असतो, भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

माझा हिशेब तुमच्यासमोर ठेवते, कारण बायका पैशांबद्दल मोघम बोलतात आणि मग मोघमच जगतात. मला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन येते २,९०० रुपये. फंड आणि ग्रॅच्युइटीतले २२ लाख मी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. मी ठेवले तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं आणि ठेवलेल्या रकमेवर पाच वर्षं तोच दर राहतो. तिमाहीला ४५,१०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साधारण पंधरा हजार. एकूण अठरा हजारांच्या जरा आत. डोंबिवलीत आमच्या भागात एका खोली-स्वयंपाकघराचं भाडं मला तेरा हजार सांगत होते. पुण्यात मला हव्या त्या भागात त्याहून जास्त. म्हणजे या शहरांत मी एकटी राहू शकत नव्हते. मला फक्त कोणाच्या तरी घरी राहता आलं असतं.

मिरजेत मी एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर राहते. भाडं साडेपाच हजार. गाण्याच्या शिकवणीचे बाराशे. किराणा, भाजी, दूध, गॅस, वीज मिळून साडेपाच हजार. औषधं दीड हजार, प्रवास दीड हजार, वाचनालय आणि फोन सातशे. झाले पंधरा हजार नऊशे. दोन हजार हातात राहतात. ते मी साठवते, कारण आजारपण सांगून येत नाही. अनामत ३० हजार वेगळे दिले. यात चैन नाही. पण सकाळी सहा ते आठ माझा तंबोरा वाजतो आणि 'चहा कुठे आहे' असं कोणी विचारत नाही.

मिरजच का? मी चार गावं मनात धरली होती. पुणे परवडत नव्हतं. नाशिक आवडलं, पण मला हवी तशी शिकवणी मला परवडणाऱ्या भागात मिळाली नाही. रत्नागिरीकडे हवा चांगली, पण मला गुडघ्यांचा त्रास आहे आणि तिथली चढण-उतरण रोजची. मिरजेचं गाण्याशी नातं जुनं आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होतात, तिथे जमिनीवर बसून कोणीही ऐकावं. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. सतारमेकर गल्लीत आजही तंबोरे आणि सतारी हातानं बनतात. त्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मी पायी जाऊन दुरुस्त करून आणते. डोंबिवलीत त्याला दोन महिने लागले असते.

आणि मिरज म्हटलं की पुरुषांचीच नावं घेऊन थांबायचं कारण नाही. हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या. त्यांची आई ताराबाई माने यांनी १९२२ साली पाच मुलांना घेऊन अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर सोडलं. पाच मुलं, त्या काळी! ती पाचही मुलं पुढे गाण्यात राहिली. खाँसाहेबांचं गाणं आपण मानतो, ते मानावंच. पण ताराबाईंनी केलेल्या त्या स्थलांतराचा उल्लेख आपण केला नाही तर कोण करणार?

गाव कसं निवडावं याबद्दल मी जे केलं ते सांगते. उपयोगी वाटलं तर घ्या.

पहिली गोष्ट, पाहुणी म्हणून गाव बघू नका. दिवाळीत सगळी गावं छान दिसतात. मी तीन महिने भाड्यानं राहिले आणि मुद्दाम एप्रिल ते जून निवडला. पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, वीज किती जाते, हे तेव्हाच कळतं. मग पावसाळ्यात पुन्हा आठ दिवस जाऊन राहिले.

दुसरी गोष्ट, गावाला त्याचं संकट विचारा. सांगली-मिरजेला कृष्णेचा पूर येतो. २००५ साली आला, ऑगस्ट २०१९ मध्ये फार मोठा आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. म्हणून मी प्रत्येक घर बघताना एकच प्रश्न विचारला, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" घरमालक नीट सांगत नाही. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली सांगते. स्वस्त घर स्वस्त का आहे, हे तिला माहीत असतं.

तिसरी गोष्ट, रात्री नऊ वाजता त्या रस्त्यानं एकटीनं चालून बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, बायका दिसतात का. गाण्याचा कार्यक्रम संपतो साडेदहाला. घरी परतता येत नसेल तर कार्यक्रम असून उपयोग काय?

चौथी गोष्ट, दवाखाना आणि गाडी. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आणि मिरज मोठं जंक्शन आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी कल्याण. नातीला ताप आला तर मी दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मला कोल्हापूर-पंढरपूरला जाताना फार उपयोग झाला.

पाचवी गोष्ट, आवड आधी तपासा. सहा महिने रोज जे आपण खरोखर करू, तीच आवड धरून गाव ठरवा. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना बागकामाची आवड. त्यांनी तळकोकणात घर बघितलं, पण आधी एक पावसाळा तिथे भाड्यानं काढला. चिखल, साप, दिवे गेलेले, सगळं बघूनही त्यांना राहावंसं वाटलं, मग त्यांनी घर घेतलं. घर घेताना एक लक्षात ठेवा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग. भाड्यानं खोली मिळणं. मला सात ठिकाणी नकार मिळाला. "एकट्याच? मिस्टर? मुलगा काय करतो? कोण येणार-जाणार?" साठ वर्षांच्या बाईच्या चारित्र्याची एवढी काळजी मी पहिल्यांदाच बघितली. एकीनं तर विचारलं, "पेटीवर येणारा तबलजी पुरुष असणार का?" मला सात नकार मिळाले. पण माझं आडनाव चालण्यासारखं होतं, हे मला माहीत आहे. आमच्याच शिकवणीतल्या एका मुसलमान मैत्रिणीला आणि एका बौद्ध मैत्रिणीला किती नकार मिळाले, त्यांनी मोजणं सोडून दिलं. खासगी मालकानं खोली नाकारली तर त्याला जाब विचारायला आपल्या हातात सरळ सोपा कायदा नाही. म्हणून हे काम संघटनेचं आहे असं मला वाटतं. त्याकडे शेवटी येते.

खोली मिळाली की करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेल्या करारावर आपला पत्ता बदलतो, बँकेत चालतो, मतदारयादीत नाव हलवता येतं. पत्ता आपल्या नावाचा झाला की गाव आपलं व्हायला सुरुवात होते.

आणि जाताना एक गोष्ट करू नका, ती म्हणजे सही. डोंबिवलीचा फ्लॅट माझ्या पतींच्या नावावर होता. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सासूबाई आधीच वारल्या होत्या. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मी, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा वाटा, प्रत्येकी एक तृतीयांश. मी जाणार म्हटल्यावर घरात हक्कसोडपत्राचा कागद आला. "आई, तू तिकडे राहणार, मग कर्जाच्या कामाला अडचण नको." मुलगा वाईट नाही. तो मला दर आठवड्याला फोन करतो. पण त्याला वाटतं की आई घरातून गेली म्हणजे घरावरून गेली. मी सही केली नाही. मी त्याला म्हटलं, "मी गाव बदलते आहे, वारस बदलत नाही." महिनाभर अबोला होता. मुलीनंही सही केली नाही, आणि त्याचं मला जास्त समाधान आहे. हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की परत मिळवणं फार कठीण. सोसायटीत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो, हेही सांगून ठेवते. मुसलमान मैत्रिणींचा वाटा वेगळ्या कायद्यानं ठरतो. मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. कमी आहे, पण तोही सोडू नका. माझा तिसरा हिस्सा शाबूत आहे म्हणून मी मिरजेत निर्धास्त झोपते. उद्या हातपाय थकले तर मला कोणाकडे उपकार मागायचा नाही.

इथे काही जणींच्या मनात येईल, हे पांढरपेशा बाईचे चोचले झाले. ज्या बाईला छप्परच नाही तिला गाव निवडण्याच्या गोष्टी काय सांगता? हा प्रश्न रास्त आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. त्याच सुमाराला आमच्या सांगली जिल्ह्यात टाकलेल्या बायकांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागितली. त्यांची मागणी काय होती? भावाच्या ओसरीवर नको, नवऱ्याच्या दारात नको, आमच्या नावाची जागा द्या. माझी मागणी त्यांच्याहून वेगळी नाही. ती त्याच रस्त्यावर थोडी पुढे आहे. त्यांनी छप्पर मागितलं म्हणून मला आज गाणं मागायचं धैर्य होतं.

आणि आवड फक्त पेन्शनवालीला असते असंही नाही. आमच्या डोंबिवलीच्या गटातली एक मैत्रीण, चार घरची धुणीभांडी करणारी. मुलानं गावाकडे घर बांधलं आणि तिला म्हणाला, आता इकडे चल. ती गेली नाही. का? कारण तिच्या चाळीत भजनी मंडळ आहे आणि ती ढोलकी वाजवते. गावच्या मंडळात बाईला टाळ देतात, ढोलकी देत नाहीत. ती म्हणाली, "घर सिमेंटचं आहे हो, पण तिथं माझे हात गप बसतील." तिनंही गावच निवडलं ना? न जाणं हीसुद्धा निवड आहे. तिचं घरभाडं तिला जड जातं, ती एक घर जास्त करते, पण ढोलकी सोडत नाही. छंदाला चोचले म्हणणाऱ्यांनी तिच्याशी बोलावं.

एकटेपणाबद्दलही खरं ते सांगते. पहिले चार महिने कठीण गेले. संध्याकाळी सातला घरात आवाज नसतो. आजारी पडले तेव्हा पाणी द्यायला कोणी नव्हतं. शिकवणीतल्या दोघी जणी आल्या, पण त्याला ओळख व्हावी लागली. आता आम्ही पाच जणींनी ठरवलंय की रोज सकाळी एकमेकींना फोनची एक रिंग द्यायची. रिंग आली नाही तर जवळची जाऊन बघते. खर्च काही नाही, पण त्यावर आमची झोप अवलंबून आहे. आणि गाणं? गाणं अजून साधारणच आहे. माझ्या बाई म्हणतात, षड्ज लागायला लागलाय. मला त्यात आनंद आहे. मला कार्यक्रम करायचे नाहीत.

आता संघटनेकडे माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, आपल्या गटांची गावोगाव पसरलेली नावं आहेत. प्रत्येक गावात एकट्या बाईला खोली देणाऱ्या घरांची एक वही करू या. जात-धर्म न विचारणारी घरं. दहा गावांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ.

दोन, गाव बघायला येणाऱ्या मैत्रिणीला आठ-पंधरा दिवस उतरायला जागा देऊ या. माझ्याकडे एक गादी आणि एक सतरंजी जादा आहे. मिरजेला येणाऱ्या पहिल्या मैत्रिणीनं मला पत्र टाकावं, म्हणजे कार्यालयाकडे द्यावं.

तीन, आपल्या कायदा शिबिरांत वाटा, हक्कसोडपत्र आणि भाडेकरार हे तीन विषय एकत्र शिकवावेत. बाई घर सोडते तेव्हा तिन्ही एकदम अंगावर येतात.

आज इथून घरी गेल्यावर एक काम करा. कागदावर लिहा, 'मला कुठे राहायला आवडलं असतं?' आणि त्याखाली, 'का?' कारणात नवऱ्याचं, मुलाचं, नातवाचं नाव आणायचं नाही. उत्तर काढायला काही जणींना वेळ लागेल, कारण हा प्रश्न आपल्याला कोणी विचारलेलाच नसतो. तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या. आपण सगळ्यांचे वाचू आणि कोणाचं काय शक्य आहे त्याचा हिशेब एकत्र बसून करू.